भात न खाणारा आचारी

लग्नाच्या आचाऱ्याने भात सोडला, ही बातमी आमच्या दैनिकाने छापली नाही. ती आमच्याकडे सगळ्यांच्या आधी आली होती, कारण तो आचारी माझा घरमालक होता आणि त्याच्या स्वयंपाकघराच्या वरच माझी खोली होती. रत्नागिरीच्या कार्यालयात संध्याकाळच्या चहाला मी ती सांगितली. नगरहून बदली होऊन आलेला सहकारी म्हणाला, "यात बातमी काय?" देवरुखचा सहकारी कप खाली ठेवून म्हणाला, "मग त्यांच्या हातचं जेवायचं कसं?"

दोघांचेही प्रश्न आपापल्या जागी बरोबर होते. मात्र पुढची काही वर्षं मालकांच्या धंद्याचं आणि संसाराचं काय झालं, ते दुसऱ्या प्रश्नाने ठरवलं.

या भागात भाकरी, मासे, अंडी, घावणे असं काहीही पोटात गेलं तर माणूस 'खाल्लं' म्हणतो. पानात भात पडला तरच 'जेवलो' म्हणतो. चार भाकऱ्या आणि दोन बांगडे खाल्लेला माणूस दुपारी "अजून जेवलो नाय" असं सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. अशा मुलखात मालक तीस वर्षं लग्नांचे आणि पूजांचे टोप चढवत-उतरवत होते. काळ्या वाटाण्याचं सांबारं बरेच जण चांगलं करतात. मालकांचं नाव भातासाठी होतं. पहिल्या पंगतीचा भात आणि शेवटच्या पंगतीचा भात सारखाच मोकळा, असं लोक त्यांच्याबद्दल सांगत.

मी त्यांना मालक म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकू. ते मला 'पेपरवाले' म्हणत, तेही बहुधा चुकीची बातमी आली असेल त्या दिवशी.

मालक अंगाने आडवे. घरात काकूंनी आणलेला वजनाचा काटा होता, पण मालकांचा त्यावर विश्वास नव्हता. "घरातला काटा घरातल्या माणसासारखा," ते म्हणत, "मन राखतो." ते वजन करायला बाजारात जात. जिथून लग्नांसाठी तांदूळ घेत त्याच घाऊक दुकानात पोती जोखायचा काटा होता. त्यावर चढायचे, हमालांना आकडा वाचायला लावायचे आणि तो पोत्यांच्या हिशोबात मोठ्याने सांगायचे. पोतं पन्नास किलोचं.

"दोन पोती आनि वर अकरा!"

"कुठला तांदूळ म्हणायचा हा, आचारी?" हमाल विचारत.

"उकडा. डॉक्टरबाईंनी उकडून काढलाय."

वजन लपवण्याची गोष्ट आहे असं त्यांना वाटत नसे. त्यांचं म्हणणं होतं की जे सगळ्या बाजाराला दिसतं ते लपवून फक्त आपणच फसतो. उतरलेलं वजन ते जेवढ्या मोठ्याने सांगत, तेवढ्याच मोठ्याने पुढे वाढलेलंही सांगितलं.

भात सोडण्याचं कारण पालीकडच्या एका लग्नात घडलं. मोठ्या कार्यात जमिनीत चर खणून त्यावर चुलाण मांडतात. भाताचा टोप उतरवायचा तर कड्यांतून काठी घालून दोघांनी दोन टोकं खांद्यावर घ्यायची. एका टोकाला मालक, दुसऱ्या टोकाला काकू, अशी त्यांची वर्षानुवर्षांची जोडी होती. त्या दिवशी उचलताना मालकांचा डावा गुडघा वळला, टोप कलला आणि उकळती पेज काकूंच्या पायावर गेली. काकूंनी काठी सोडली नाही. टोप खाली टेकला, मग त्या बसल्या.

पाय बरा व्हायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मालकांनी कुठल्याही डॉक्टरकडे स्वतःहून जाण्याची गोष्ट पहिल्यांदाच केली. डॉक्टरबाई सोलापूरकडच्या, थोडक्यात बोलणाऱ्या. त्यांनी गुडघे पाहिले, रक्त तपासायला लावलं. साखर वाढलेली निघाली. वजन उतरलं नाही तर काही वर्षांत चुलीपुढे उभं राहता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

"काय सोडू?" मालकांनी विचारलं.

"साखर, बटाटा, पाव, पोहे. भात कमी करा. मासे, अंडी, डाळी, पालेभाज्या खा."

"कमी मला जमायचं नाय. बंद सांगा."

"बंद टिकत नाही."

"टिकवून दाखवतो."

"मला दाखवू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काट्याला दाखवा."

हा संवाद मालक स्वतः सांगत, आणि शेवटचं वाक्य डॉक्टरबाईंचं आहे हे न विसरता सांगत.

पहिला महिना फुकट गेला. डॉक्टरबाईंनी भाताऐवजी अर्धी भाकरी चालेल म्हटलं होतं. त्यांच्या डोळ्यापुढे ज्वारीची होती. मालकांच्या घरात भाकरी तांदळाची. हा घोळ काकूंनी दवाखान्यात जाऊन निस्तरला. त्यानंतर मालकांच्या ताटात कुळथाची पिठी, माशाचं कालवण, नारळ घातलेली भाजी आणि अंडी एवढंच राहिलं. भाताची जागा रिकामी असे. ती रिकामी दिसावी म्हणून ते इतर पदार्थ तिकडे सरकवत नसत.

पुण्याच्या भाच्याने मोबाइलवर फ्लॉवरच्या भाताची कृती पाठवली. मालकांनी ती शिस्तीत केली. फ्लॉवर किसला, वाफवला, मोकळा केला. दिसायला तो भातासारखाच दिसत होता. एक घास खाऊन त्यांनी भाच्याला फोन लावला.

"चांगला झाला. पण ह्याला भात म्हणू नको. फ्लॉवर म्हण. त्यालाही काही मान हाय का नाय?"

नकली पदार्थांशी त्यांचं भांडण असं होतं. सोडायचं तर उघड सोडायचं. नाचणीचा केक, बदामाच्या पिठाची पोळी, गोडी आणणाऱ्या गोळ्या, सगळ्यांना त्यांनी दारातून परत पाठवलं. आंब्याला मात्र परत पाठवलं नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, आंब्यात साखर नसते का? "भात वर्षभर असतो, बाई. आंबा दोन महिने." डॉक्टरबाईंनी फोडी ठरवून दिल्या. मालकांनी त्यातली एक कमी करून घेतली, कारण दुसऱ्याने ठरवलेला आकडा जसाच्या तसा पाळणं त्यांना कमीपणाचं वाटे.

वजन उतरू लागलं आणि लग्नसराई आली. सराईत ते उतरायचं थांबलं. मालकांनी डॉक्टरबाईंना रोजचं खाणं प्रामाणिकपणे सांगितलं. त्यात भात नव्हता. डॉक्टरबाईंनी विश्वास ठेवला. काकूंनी ठेवला नाही. संगमेश्वरकडच्या एका कार्यात त्यांनी एक स्टीलची वाटी पदराआड ठेवली. मालक प्रत्येक टोपातून शिजलं का बघायला चार शितं तोंडात टाकत. ते पहिला टोप बघत, दुसरा बघत, निथळल्यावर बघत, वाढायला घेताना बघत. त्यांनी चिमूट घेतली की काकू तेवढीच चिमूट वाटीत टाकत. शेवटच्या पंगतीआधी त्यांनी वाटी मालकांपुढे धरली. ती भरून वर शीग आली होती.

"ह्या कोणी खाल्लान?"

"खाल्लान काय? मी चव बघितली."

"चव पोटात गेली का तोंडातच ऱ्हायली?"

मालकांनी वाटीतलं एक शीत बोटाने दाबलं. मग म्हणाले, "भातात मीठ पण नसतं. चव कसली बघत होतो मी?"

माझ्या माहितीत, आपण चुकलो असं त्यांनी म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यानंतर ते शीत अंगठा आणि बोटामध्ये दाबून बघू लागले. मध्ये पांढरा कण राहिला तर कच्चं. टोपावर तोंड नेऊन वास घेत. भात पूर्वीसारखाच उतरत होता, आणि खाणाऱ्यांना काही फरक कळला नाही. पण चुलाणाभोवती उभ्या असलेल्यांना दिसत होतं की आचारी आता शीतही तोंडात घालत नाही. कुजबुज तिथून सुरू झाली.

वजन पहिल्या काही महिन्यांत भराभर उतरलं होतं. डॉक्टरबाईंनी त्यात बरंचसं पाणी असतं म्हणून लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. एकदा चुलीजवळ मालकांना घेरी आली. साखर उतरवायची गोळी पूर्वीइतकीच चालू होती आणि पानात भात नव्हता. वाटीभर शितं पोटात जात होती आणि आता तीही बंद आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून डॉक्टरबाईंनी त्यांना उभं करून बोल लावले आणि गोळी कमी केली. वर्षाच्या आत काट्यावरचे हमाल ओरडले, "दोन पोत्यांना आठ कमी!" गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण वळायचे थांबले. मालक मांडवीच्या धक्क्यापर्यंत चालत जाऊन येऊ लागले. काठीचं टोक पुन्हा त्यांच्या खांद्यावर आलं.

अडचण पोटात नव्हती, गावात होती.

पालीच्या आतल्या बाजूच्या गावांत कार्याच्या शेवटी चूल उतरवायची रीत आहे. सगळा गाव जेवला की शेवटच्या पंगतीला आचारी बसतो. यजमान स्वतःच्या हाताने त्याच्या पानात भात वाढतो. आचाऱ्याने गावादेखत तो खायचा, मग यजमान नारळ फोडून चुलाणात पाणी ओततो. त्याआधी कार्य संपलं असं कोणी म्हणत नाही. आपण जे गावाला घातलं ते आपणही खातो, एवढा त्याचा सरळ अर्थ. शहरातल्या हॉलमध्ये हे कधीच बंद झालं आहे. त्या गावांत नाही.

पहिली सराई आतल्या गावांतलं काम न घेता निभावली. दुसऱ्या सराईच्या सुरुवातीला मालकांनी रीत पाळून पाहिली. एक घास खाऊन उठू, असं त्यांचं गणित होतं. पण यजमान एक घास वाढत नाही. तो डावभर वाढतो, आग्रहाने दुसरा वाढतो, आणि चूल उतरवण्याच्या पानात शीत टाकायचं नसतं. सराईत असं एका दिवसाआड एक पान. डॉक्टरबाईंचं सगळं पथ्य त्या एका रीतीत बुडत होतं. मालकांनी ठरवलं, आता नाही.

ते पहिल्यांदा 'नाही' म्हणाले त्या लग्नात मी हजर होतो. त्या गावच्या पाणीटंचाईची बातमी करायला मी त्यांच्याच टेम्पोतून गेलो होतो. यजमान गावचे मानकरी, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या पुतण्याचं लग्न. शेवटच्या पंगतीला मालक बसले. तात्या भाताचा डाव घेऊन आले.

"आचारी, पान पुढे घे."

"वरण वाढा, तात्या. भाजी वाढा. भात नको."

"नको म्हंजे?"

"मी भात खात नाय."

तात्यांनी आजूबाजूला बघितलं. हे एकट्याला ऐकू आलं की सगळ्यांना, याचा ते अंदाज घेत होते. सगळ्यांना ऐकू आलं होतं.

"रांधतोस आनि खात नायस? काय घातलंयस काय आमच्या भातात?"

"दुपारपासून गाव जेवतोय. कोणाच्या पोटात दुखत असंल तर पुढे या."

कोणी पुढे आलं नाही.

"पोटाचा प्रश्न नाय," तात्या म्हणाले. "रीत हाय."

"रीत चांगली हाय. माझे गुडघे चांगले नायत."

"एक घास."

"तुमच्या डावात एक घास मावत नाय, तात्या."

मागे कोणीतरी हसलं. तात्या हसले नाहीत. "पावण्यांसमोर माझ्या हातचा नको म्हणतोस?"

इथे मालकांनी गप्प बसायला हवं होतं, असं काकू पुढे अनेकदा म्हणाल्या. मालक म्हणाले, "मला भूक नाय, तात्या. भूक तुम्हाला लागलेय, वाढायची."

तात्यांचा डाव होता तिथेच राहिला. "पान खाल्ल्याबिगर चूल उतरायची नाय," ते म्हणाले. "आनि चूल उतरल्याबिगर तुजा एक टोप गावातून हलायचा नाय."

"मग बसतो," मालक म्हणाले, आणि बसले.

मुलीकडची मंडळी निघायच्या तयारीत होती. चूल उतरल्याशिवाय त्यांनाही निघता येईना. ती गाड्यांत जाऊन बसली. नवरी मुलगी दारात उभी राहून पानाकडे बघत होती. दोन म्हाताऱ्या मालकांना समजवायला आल्या. "बाबा, एवढासा खा नि मोकळा हो." मालकांनी त्यांना हात जोडले. खाल्लं नाही. तात्या डाव घेऊन उभेच होते. त्यांनाही मागे फिरता येत नव्हतं.

काकू चुलीकडून आल्या. हात पदराला पुसले आणि मालकांच्या शेजारच्या पानावर बसल्या.

"माझ्या पानात वाढा."

"तू आचाऱ्याची बायको. आचारी न्हवंस."

"तांदूळ कोणी धुतलान? आधण कोणी ठेवलान? काठीचा दुसरा टोक कोणाच्या खांद्यावर असतो? विचारा गावाला, सगळ्यांनी बघितलान हाय."

"रीत आचाऱ्याची हाय, बाय."

मालकांनी डोक्याला बांधलेला पंचा सोडला आणि काकूंच्या मांडीवर ठेवला. "मग आजपासून आचारी ही," ते म्हणाले. "मी हिच्या हाताखाली. आता वाढा."

तात्या काकूंना म्हणाले, "नवऱ्यादेखत?"

"नवऱ्यानंच सांगितलान ना?"

तात्यांनी वाढलं. रागाने वाढलं. एक डाव, दुसरा, तिसरा. काकूंनी पंचा डोक्याला बांधला आणि खायला घेतलं. सगळा मांडव बघत होता. त्यांनी शेवटचं शीत बोटाने टिपून खाल्लं, पाणी प्यायलं आणि म्हणाल्या, "ओता आता पाणी."

नारळ फुटला. चुलाण फुसफुसलं. मुलीकडच्या गाड्या सुरू झाल्या.

परतीच्या टेम्पोत, हातखंब्याच्या वळणावर काकू म्हणाल्या, "पोट फुटायला आलाय माझा."

मालकांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुमच्या गुडघ्यांपायी माझा वजन वाढवू नका. सांगून ठेवते."

त्या एका वाक्यात त्यांच्या विजयाचा निकाल लागला होता. पथ्य मालकांचं आणि भात काकूंना, असं झालं होतं. मालकांना ते लगेच कळलं. दुसऱ्याच आठवड्यापासून कार्य ठरवायला येणाऱ्याला ते दोन गोष्टी सांगू लागले: आचारी ही बाई आहे, आणि चूल उतरवताना ती एकच घास खाईल, तोही स्वतःच्या हाताने घेऊन. पटत असेल तर तारीख बोला. दारावरच्या पाटीवर काकूंचं नाव आलं. खाली मालकांचं नाव कुठेच नव्हतं.

पालीच्या आतली कितीतरी गावं त्या वर्षी दुसऱ्या आचाऱ्याकडे गेली. तात्यांचा शब्द तिथे चालतो. पूर्वी ज्या महिन्यात टोप घासायला उसंत नसे त्या महिन्यात ते पडवीत पालथे पडलेले असत. काकूंनी एकदा विचारलं, "एवढा ताणायचा होता का?" मालक म्हणाले, "ताणला नसता तर मी आता काठी टेकत असतो. टोपाची नाय, माझी." शहरातली कामं हळूहळू वाढली. त्याने सगळी तूट भरून निघाली नाही, पण घर चाललं.

मग तिसऱ्या पावसाळ्यात मालकांनी भात खाल्ला.

कोणी आग्रह केला नव्हता. काम नव्हतं, पाऊस लागला होता, काकूंनी पेज केली होती आणि मालक म्हणाले, मला दे. पुढचे दोन महिने ते जवळजवळ पूर्वीसारखे जेवले. गणपतीनंतर बाजारात गेले, काट्यावर चढले आणि हमालाच्या आधी स्वतःच ओरडले, "दोन पोती आनि वर एक! निम्मा परत आला!"

बाजाराला आनंद झाला. असा आनंद मी निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराच्या दारापुढेही पाहिलेला नाही. 'भाताबिगर माणूस राहतो होय?' असं प्रत्येकाने म्हणून घेतलं. देवरुखचा सहकारी म्हणाला, आता बातमी होते. आम्ही तेव्हाही छापली नाही.

मालक दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी 'मी म्हटलं होतं' हे चेहऱ्याने म्हटलं.

"बंद टिकला नाय," मालक म्हणाले.

"बहुतेकांचा टिकत नाही. भात बंद करून वजन उतरतं, तुमचं उतरलं. दुसऱ्या रीतीने कमी खाऊनही उतरतं. प्रश्न उतरण्याचा नसतोच. दहा वर्षं काय पाळाल ते सांगा, ते तुमचं पथ्य."

"तेव्हा कमी जमत नव्हता. आता बघतो."

"का जमेल आता?"

"आता नाय म्हणायची सवय झालेय, बाई. गावाला म्हटलं, आता स्वतःला म्हणून बघतो."

ते जमलं. दुपारी एक वाटी लाल तांदळाचा भात, स्वतःच्या हाताने घेतलेला, दुसऱ्यांदा नाही. रात्री भात नाही. काटा दोन पोत्यांच्या थोडा खाली येऊन थांबला आणि तिथेच राहिला. पहिल्या वर्षाचा आकडा पुन्हा कधी दिसला नाही. त्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "टोप उचलता येतो. अजून काय पाहिजे पेपरवाल्यांना?"

तात्या आले ते त्यानंतरच्या दिवाळीनंतर, एका रविवारी दुपारी. मी खाली जेवायला होतो. पायरीवर चपला काढताना त्यांना बराच वेळ लागला. अंगाने ते उतरले होते. असं उतरणं चांगलं दिसत नाही. काकूंनी पाणी दिलं. मालक ताटावरून उठले नाहीत. तात्यांची नजर त्यांच्या वाटीवर गेली.

"भात?"

"भात."

"आनि तेव्हा माझ्या हातचा शीत चालत नव्हता?"

"तेव्हा तुम्ही वाढत होतात. आता मी घेतोय."

तात्या चिडतील असं वाटलं. ते पाटावर बसले. पिशवीतून कार्याची यादी निघेल अशी काकूंची अपेक्षा असावी. तात्यांनी पिशवी बाजूला ठेवली.

"साखर झालेय मला. डोळ्यांवर आलेय. डॉक्टर म्हणतो, भात कमी केला नाय तर नजर जाईल." मग ते म्हणाले, "घरात करीन कमी. पण गावात पयला पान माझा असतो. बारसा असो, वर्षश्राद्ध असो. नाय म्हटला तर त्या घराला काय वाटेल? आनि वाढतात ते किती, तुला ठावक हाय."

"ठावक हाय."

"तुज्यासारखा तोंडावर नाय म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाय. ता कसा म्हणतात, ता सांग. दुसऱ्या कोणाला विचारता येईना."

काकू मालकांकडे बघत होत्या. त्या वर्षी गेलेली गावं दोघांनाही पाठ होती. मालकांनी वाटीतला शेवटचा घास खाल्ला, हात धुतला.

"त्या दिवशी तेच सांगत होतो, तात्या. तुम्ही डाव घेऊन उभे होतात."

"होतो," तात्या म्हणाले. "म्हणून आलोय."

मालकांनी काकूंना ताट मांडायला सांगितलं. काकूंनी तात्यांपुढे ताट ठेवलं, पिठी वाढली, भाजी वाढली, तळलेल्या माशाची तुकडी ठेवली. मालकांनी भाताचं पातेलं उचललं, डाव भरला आणि वाकून ताटावर धरला. मग ते अशा आवाजात बोलू लागले की ओळखू येईनात.

"एवढासाच घ्या हो तात्या. नवीन तांदूळ हाय."

"नको," तात्या म्हणाले.

"नको कसा? आमच्याकडे काय रोज येता? पोरीला वाईट वाटेल, तिनं मुद्दाम रांधलान."

तात्यांनी काकूंकडे बघितलं. "बरं, थोडा."

डाव ताटात पालथा झाला. "गेली नजर," मालक स्वतःच्या आवाजात म्हणाले. काकूंनी तो भात ताटातून काढून पातेल्यात टाकला. "परत."

दुसऱ्यांदा मालकांनी तात्यांच्या गेलेल्या वडिलांचं नाव काढलं. ते असते तर असं उपाशी उठले असते का, असं विचारलं. तात्यांचा चेहरा उतरला. डाव पुन्हा पालथा झाला.

"असा नाय हो बोलत कोणी," तात्या म्हणाले.

"तुम्ही बोलला होतात. त्या दोन म्हाताऱ्या कोणी पाठवलेल्या?"

काकू तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या.

तिसऱ्यांदा मालक काहीच बोलले नाहीत. नुसता डाव भरून धरला. तात्यांनी डावाकडे पाहिलं, मग उजवा हात उचलून ताटावर आडवा धरला.

"असा," मालक म्हणाले. "आता काय पण झालं तरी काढू नका. वाढणारा पुढच्या पानावर जाईपर्यंत."

मालक पुढच्या पानावर गेले नाहीत. डाव घेऊन ते तसेच उभे राहिले. वाफ तात्यांच्या हातावर येत होती. तात्यांनी बोटं एकदा आखडली, पुन्हा सरळ केली. हात काढला नाही.